सतरावी पायरी

दुखत नाही, बाबा म्हणतात, आवळतंय.
दुखणं वेगळं. दुखणं मला ठाऊक आहे.

आणि छातीवर मूठ ठेवतात,
बोट नाही, अख्खी मूठ,
दार वाजवायला उचललेली आणि तशीच राहिलेली.

कालिम्नोसला आमच्या घराच्या बेचाळीस पायऱ्या.
खाली धक्का, वर आम्ही.
मध्ये एक लिंबाचं झाड, त्यावरून काल्योपीशी भांडण.

काल रात्री उशिरा त्यांनी वाइनमधला ऑक्टोपस खाल्ला,
वर ताटली पावाने पुसली.
पित्त असेल, मी म्हटलं. आडवं झालं की ते वर येतं.
पण आडवं झालं की यांना बरं वाटतं.

परवा मिखालिसची होडी ओढायला हात लावला होता.
स्नायू असेल. मी बरगड्या दाबून बघते, इथे? इथे?
गुदगुल्या नको करूस, थेमेलिना.

मग समुद्र.
वीस वर्षं ते स्पंज काढायला तळाशी जायचे,
डोक्यावर पितळेचा घुमट, छातीवर शिशाची वजनं.
त्या होडीवरचे काही जण पाय गमावून आले,
काहींच्या नुसत्या टोप्या आल्या.
तिथलं काही फुप्फुसांत राहिलं असेल का,
वर येताना घाईत सोडायचा विसरलेला एखादा श्वास?
ते हसतात. खाली आवळायचं ते पाणी, पोरी.
इथे कुठंय पाणी?

आणि आई.
गेल्या ईस्टरनंतर तिची खुर्ची ते
भिंतीकडे तोंड करून ठेवतात.
दुःखानेही छाती आवळते असं ऐकलंय मी,
आणि खरं सांगायचं तर
मला तेच हवं होतं.
दुःखाला डॉक्टर लागत नाही.
दुःखाला एक मुलगी पुरते, आणि ती घरातच आहे.

आज मी त्यांच्या मागून चढले, मासळीची पिशवी माझ्याकडे.
सतराव्या पायरीवर ते थांबले,
लिंबाच्या सावलीत वाकले, हाक मारली:
पिपेरी, पिपेरी, ये, ये.
रोज मारतात. खिडकीतून मी रोज ऐकते.
मांजरावर काय जीव आहे म्हाताऱ्याचा, काल्योपी म्हणते.

पिपेरी फेब्रुवारीत मेली.
आम्ही दोघांनीच पुरली तिला, याच झाडाखाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
वारा गार होता आणि त्यांच्या कपाळावर घाम.
ये, ये, म्हणत राहिले,
हाकेत हवा कमी कमी होत गेली.
मग सरळ झाले. चल, म्हणाले, पंचवीसच राहिल्या.

एकही नाही, मी म्हटलं. बसा.

फोनवरची बाई विचारते आणि मी तिचं विचारणं त्यांच्याकडे ढकलते.
दुखतंय का?
नाही म्हणून सांग. आवळतंय.
दुसरीकडे कुठे जातं का?
कधी कधी जबड्यात. दाढ असेल म्हटलं.
चढताना होतं, थांबलं की जातं?
ते गप्प. लिंबाकडे बघतात.
आता थांबलेत, तरी आहे?
आहे.
किती दिवसांपासून?

मांजर होती तेव्हापासून, म्हणतात.

म्हणजे तेव्हाही.
म्हणजे तिला हाका मारत होते तेव्हा
ती येऊन पायाशी घासायची, आणि ते तिला खाजवत बसायचे
पुरेसा वेळ.
आम्ही वरून बघायचो, आई आणि मी,
स्वयंपाक थांबवून, हसत.

गाडी निघाली आहे, बाई सांगते. पाणी, जेवण देऊ नका, चालवू नका.
ते चपला काढतात,
जोडीने बाजूला लावतात, होडीच्या कडेला लावायचे तशा.
मग विचारतात, अगदी कामाच्या आवाजात,
दोर कुणाकडे आहे?

माझ्याकडे, मी म्हणते,
आणि त्यांची बाही धरते.
पिशवीतून मासळीचं पाणी गळतंय
सोळाव्या पायरीवर, पंधराव्यावर.